वाऱ्याचं ओझं

‘रविवारी सकाळी सकाळी कुठं निघता हो दोघं?’ असं चाळीतल्या बायकांनी विचारलं की मी सरळ सांगायची, ‘हे बुडायला जातात आणि मी बघायला.’

बायका हसायच्या. मग माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि हसणं थांबायचं. खोटं कुठं होतं त्यात? लोणावळा स्टेशनापासून दहा मिनिटांवर आमची दोन खोल्यांची चाळ, नवं लग्न, पवनेचं धरण अजून पुरं व्हायचं होतं ते दिवस. बाकीच्यांचे नवरे रविवारी खाटेवर लोळायचे, नाहीतर पत्ते कुटायचे. माझा नवरा पाठीवर लोखंडी टाकी बांधून टाकव्याकडच्या जुन्या धरणाच्या तळाशी जायचा. तेही नुसतं बघायला! ना मासे धरायचे, ना काही शोधायचं. ‘खाली कसं शांत असतं, तुला काय सांगू,’ म्हणायचे. मी म्हणायची, ‘सांगू नका. घरात थोडं शांत बसून दाखवा.’

हे लोणावळ्यात एका वर्कशॉपात टर्नर होते. त्याआधी मुंबईला गोदीत सात वर्षं काढलेली. तिथं जहाजांचे तळ तपासायला पाण्याखाली उतरायचं काम शिकले. ‘तेव्हा पोटासाठी बुडायचो, आता हौसेसाठी बुडतो,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून ऐकून माझे कान किटले होते. भंगारातून त्यांनी एक जुना कॉम्प्रेसर आणला, सहा महिने खपून दुरुस्त केला, आणि शनिवारी अर्धी सुट्टी झाली की वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये तो धडधडवत बसायचे. एक टाकी भरायला दीड-दोन तास. हवेला तेलाचा वास लागू नये म्हणून मधे नारळाच्या करवंट्यांचा कोळसा भरलेली नळी. करवंट्या मी साठवायच्या. कुणी ‘ऑक्सिजन भरताय वाटतं?’ म्हणालं की ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. ‘साधी हवा हो! तुम्ही-आम्ही घेतो तीच, दाबून भरलेली.’ दिवसातून चार वेळा तरी हे वाक्य व्हायचं.

रविवारी पहाटेची गाडी पकडून आम्ही कान्ह्याला उतरायचो. तिथून एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर बैलगाडी, टाकव्यापर्यंत. टाकव्याच्या पुढं तासभर चढ चढला की खाली धरणाचा फुगवटा दिसायचा, डोंगराच्या कुशीत घुसलेला. आमच्याबरोबर ह्यांचा वर्कशॉपातला एक दोस्त असायचा, मी त्याला भाऊजी म्हणायची. भाऊजींना पोहता येत नव्हतं. पण दोर धरायला त्यांच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा नव्हता. ह्यांच्या कमरेला दोर, दुसरं टोक भाऊजींच्या हातात. खालून एक हिसका म्हणजे ठीक आहे. वरून तीन हिसके म्हणजे वर या.

आणि आमच्याबरोबर मावशी असायची.

मावशी चढावरच्या ठाकरवाडीतली. पन्नाशीची असेल, नाहीतर साठीची. तिलाही ठाऊक नव्हतं. काटकुळी, पण मोळी उचलली की मान ताठ. पहिल्या दिवशी टाकव्याच्या पारापाशी हे एका टाकीबरोबर झटापट करत होते, तेव्हा ती स्वतःहून पुढं आली. लुगड्याच्या पदराची चुंबळ केली, टाकी आडवी डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. चार पावलं गेल्यावर थांबून विचारलं, ‘दादा, हिच्यात हाय काय?’

‘हवा.’

‘म्हंजी?’

‘वारा, मावशी. वारा भरलाय.’

मावशीनं टाकी खाली ठेवली आणि जी काय हसत सुटली! ‘वारा? आन् त्यो उचलायला मला बोलावता व्हय? आमच्या वाडीला वारा काय कमी हाय?’

ह्यांचं मग सुरू झालं. हवेला वजन असतं, मावशी. भरलेली टाकी आणि रिकामी टाकी तोलून बघा, दोन-सव्वादोन किलोचा फरक पडतो. मावशीनं ऐकून घेतलं. शहाणी बाई, वाद घातला नाही. पण परतीच्या वाटेवर तीच टाकी रिकामी होऊन तिच्या डोक्यावर चढली, तेव्हा ती मला हळूच म्हणाली, ‘बाई, दादा खरं बोलतोय गं. हलकी झालीया.’ त्या दिवसापासून टाकीला ती घागर म्हणायला लागली. भरली घागर आणि रिती घागर. आमचं येणं-जाणं सुरू झालं की वाडीतली पोरं ओरडायची, ‘वाऱ्याच्या घागरी आल्या!’

एक टाकी पंचवीस मिनिटं पुरायची. मला विचाराल तर पंचवीस मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली. काठावर बसून बघा एकदा, पंचवीस मिनिटं म्हणजे काय असतात ते! पण मावशीनंच एकदा बोलता बोलता ह्यांना सांगितलं की धरण व्हायच्या आधी खाली तिच्या आईचं गाव होतं. माणसं वर सरकली, गाव पाण्यात गेलं. ‘पायऱ्यांची हीर हुती तितं. आई सांगायची, तळाच्या पायरीवर दगडाचं कासव हाय. त्याच्या पाठीवर पाय दिऊन बाया पानी भरायच्या.’

झालं! पाण्याच्या तळाशी विहीर! ह्यांना दुसरं काही सुचेना. तीन रविवार शोधण्यात गेले. चौथ्या रविवारी ती सापडली. पण विहिरीपर्यंत पोचेस्तोवर आणि गाळातून पायऱ्या चाचपेस्तोवर टाकीतला दम संपत यायचा. चौथ्या पायरीपर्यंत जाऊन परत. पुढच्या रविवारी पुन्हा चौथी पायरी, पुन्हा परत. घरी आले की जेवताना बोटानं ताटात पायऱ्या काढायचे. मी वरण वाढून त्या बुजवायची.

मग त्यांनी जादा हवेचं खूळ काढलं. मोडक्या लोखंडी खाटेच्या पट्ट्या कापून पाठीवर दोन टाक्या बसतील असा सांगाडा केला. दोन टाक्या, दोन नळ्या. पहिली संपली की तोंडातली नळी काढायची, दुसरी घ्यायची, मागं हात घालून चावी फिरवायची. पंचवीसची पन्नास मिनिटं झाली. ‘पन्नास मिनिटांत कासवाला नमस्कार करून येतो,’ म्हणाले. तिसरी टाकीही घेतली, अडीअडचणीला असावी म्हणून. तिन्ही एकसारख्या, करड्या रंगाच्या.

आता तीन टाक्यांत भरलेली कुठली आणि रिकामी कुठली, हे कळायचं कसं? तुम्ही म्हणाल, चावी सोडून बघावी. तर तसं नव्हतं. टाकी कधीच पुरी रिकामी करायची नाही, नाहीतर आत ओल शिरते आणि गंज धरतो. तेव्हा रिकाम्या टाकीतही थोडी हवा ठेवायचीच. चावी सोडली की दोन्ही सारख्याच फुसकारायच्या. म्हणून मी युक्ती काढली. माझा एक जुना लाल परकर फाडून फडकी केली. टाकी भरली की तिच्या मानेला लाल फडकं. रिकामी झाली की फडकं सोडायचं. भाऊजी म्हणाले, ‘वा वहिनी, डोकं आहे तुम्हाला!’ मला लई शेफारल्यासारखं झालं होतं. पण हे पक्के कारागीर. म्हणाले, फडकं ठीक आहे, पण पाठीवर चढायच्या आधी प्रत्येक टाकीला गेज लावून काटा बघायचाच. गेज म्हणजे घड्याळासारखी पितळी डबी. ती माझ्या पिशवीत असायची. गेज लावून बघणं हे माझं काम. दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपायचा नाही.

खरं सांगते, मी कुरकुर करायची, पण त्या रविवारांसारखे दिवस मला पुन्हा आले नाहीत. थंडीत पाणी निवळलेलं असायचं. हे अंगाला तेल चोळून कुडकुडत पाण्यात शिरायचे, भाऊजी दोर सोडत जायचे, आणि मी आणि मावशी खडकावर पाय पसरून बसायचो. ती ओच्यातून हरभऱ्याचे ढाळे काढायची, मी चिक्कीचा चुरा काढायची. पाण्यावर बुडबुडे येत राहायचे. बुडबुडे आहेत तोवर नवरा आहे, एवढाच माझा हिशेब. मावशी बोलत राहायची. कुठल्या बाजूला कुणाचं घर होतं, खळं कुठं होतं, आईनं सांगितलेलं सगळं ती पाण्यावर बोट फिरवून दाखवायची. आणि मी भांडकुदळ बाई, तिथं मात्र गप्प बसून ऐकायची. माझं माहेर लांब, सासू नाही. मनातलं बोलायला चाळीत कुणी नव्हतं. मला दिवस गेलेत हे आईच्याही आधी मी मावशीला सांगितलं. खरं म्हणजे तिनंच ओळखलं होतं. मी फक्त व्हय म्हणाले.

ते सांगितलं त्या रविवारी भाऊजी आले नव्हते, गावाकडं लग्नाला गेले होते. दोर मीच धरला. हे एकच टाकी घेऊन उतरले. परतताना टाक्या न्यायच्या कुणी? हे मला काडी उचलू देईनात. शेवटी मावशी म्हणाली, ‘ही रिती घागर ऱ्हाऊ द्या माज्याकडं. फुडल्या आयतवारी पान्यावर घिऊन येती.’ मी टाकीचं फडकं सोडून पिशवीत टाकलं आणि रिकामी टाकी तिच्या झोपडीत ठेवून आम्ही घरी आलो.

पुढच्या रविवारी आमचं गाडीतच भांडण झालं. मळवली जाईपर्यंत मी धीर धरला होता. मग मी म्हणाले, ‘गणपतीत काय कबूल केलं होतं? पोर व्हायचं ठरलं की सोडतो म्हणाला होता ना?’

‘अगं, आज दोन टाक्या भरून घेतल्यात. आज कासव बघतो आणि सोडतो.’

‘दगडाच्या कासवापायी माझं पोर बिनबापाचं करणार का?’

असलं अभद्र बोलायला नको होतं, मान्य आहे. पण माझी जीभ तशीच. भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले. कामशेत आलं, कान्हे आलं, टाकवे आलं, मी तोंडातून शब्द काढला नाही. चढावर हे म्हणाले, ‘दमलीस का? बसू या का?’ मी पुढं निघून गेले.

काठाला आलो. मावशी आमच्या आधीच येऊन बसली होती, शेजारी ती टाकी. ह्यांनी आणि भाऊजींनी आपल्या खांद्यावरच्या दोन टाक्या तिच्या टाकीशेजारी ठेवल्या. हे खडकाआड तेल लावायला गेले. आणि मी काय केलं? पाण्याकडे पाठ करून, तोंड फुगवून बसले. मनात म्हटलं, जा, उतरा तुम्हाला हवं तिथं. मला नका विचारू. पिशवी मांडीवर होती, गेज पिशवीत होतं, आणि मी पिशवी उघडली नाही. भाऊजींनी टाक्या सांगाड्यात बसवल्या, पट्टे आवळले. माझं भांडण चाललेलं बघून मला हाक मारायचाही त्यांना धीर झाला नसेल. हे पाण्यात शिरताना माझ्याकडं बघत होते, हे मला न बघताही कळत होतं. मी मान वळवली नाही. दोर सुटायचा आवाज आला तेव्हा मात्र मुकाट्यानं घड्याळात बघितलं.

पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. राग ओसरायला लागला तशी मी वळून बसले. बुडबुडे येत होते. मावशीनं माझ्या हातात ढाळे दिले आणि सहज, अगदी सहज विचारलं, ‘बाई, आज दादानं रिती घागर का गं पाठीवर घेतली?’

‘रिकामी कशी घेतील? फडकं होतं की दोन्हींना.’

‘फडकं म्या बांदलं. माज्या लुगड्याचं.’

मी मागं बघितलं. खडकाला टेकून एकच टाकी उरली होती, आणि तिच्या मानेला माझ्या परकराचं फडकं होतं. म्हणजे माझं दुसरं फडकं आणि मावशीच्या लुगड्याचं फडकं, दोन्ही खाली पाण्यात होती. भाऊजी मागच्या रविवारी नव्हते. मावशीकडची टाकी रिकामी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. तीन टाक्या, तिन्हींना लाल फडकी, त्यांतल्या हाताला लागल्या त्या दोन त्यांनी चढवल्या.

‘अगं पण का बांधलंस?’ मी किंचाळले.

मावशी गोंधळली. ‘तू पोटुशी ना? पोटुशी बाईच्या म्होरं रिती घागर आनावी का? हंडा असता तर चूळभर पानी टाकलं असतं तळाला. हिच्यात पानी कसं टाकू? म्हून फडकं बांदलं. फडकं बांदलं की भरली, तूच म्हनत हुतीस की.’

घड्याळात बावीस मिनिटं झाली होती. ‘भाऊजी, ओढा! वर बोलवा! दुसरी टाकी रिकामी आहे!’

भाऊजींनी तीन हिसके दिले. आम्ही तिघं दोराकडं बघत राहिलो. खालून एक हिसका आला. ठीक आहे.

काय ठीक आहे, डोंबल! मला कळलं काय झालं ते. यापूर्वी दोनदा मी घाबरून उगाचच ह्यांना वर बोलावलं होतं. दोन्ही वेळा वर येऊन त्यांनी मला फैलावर घेतलं होतं. आज तर गाडीपासून भांडण. त्यांना वाटलं असणार, बाईसाहेबांचा राग निघतोय. भाऊजींनी पुन्हा तीन हिसके दिले. पुन्हा खालून एकच आला. चोवीस मिनिटं.

‘हिसके नकोत, सरळ ओढाच आता,’ मी म्हणाले आणि दोराला हात घातला. मावशीनं मला दंडाला धरून मागं ढकललं, ‘तू न्हाई! तू बस हितं!’ आणि स्वतः पदर खोचून दोर धरला. भाऊजी आणि ती ओढायला लागली. आधी दोर येईचना, हे खाली विहिरीचा दगड धरून बसले होते. भाऊजींच्या हाताची सालटी निघाली. मावशी विहिरीवर पाणी शेंदावं तशी हातावर हात टाकून ओढत होती आणि तोंडानं आपल्या देवाला शिव्या देत होती. मी नुसती उभी होते. पाचावर धारण बसली म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. बुडबुडे कमी झाले. मग बुडबुडे थांबले.

आणि एकदम दोर सैल आला.

नंतर ह्यांनीच सांगितलं. पहिली टाकी जड ओढायला लागली तशी त्यांनी दुसरी नळी तोंडात घेतली, चावी फिरवली. एक श्वास आला. दुसरा आला. तिसरा आलाच नाही. त्यांनी दगड सोडला. वर येताना छातीतली हवा सोडत यायचं असतं, धरून ठेवली तर छाती फाटते, हे गोदीत शिकलेलं त्यांना त्या क्षणी आठवलं, ही आमची पुण्याई. वर आले तेव्हा ओठ जांभळे. भाऊजींनी आणि मावशीनं काखेत हात घालून त्यांना काठावर ओढलं. ते पालथे पडून खोकत राहिले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. अंग बर्फासारखं गार पडलं होतं, पण छाती वरखाली होत होती. जिवात जीव आला.

आणि जिवात जीव आल्याबरोबर माझी जीभ सुटली. मावशीकडं वळून मी काय काय बोलले! आजवर लोकांदेखत तिला मावशी-तुम्ही म्हणणारी मी, एकदम तिच्यावर खेकसले. ‘अक्कल आहे का तुला? अडाणी कुठली! तुझ्या रित्या घागरीपायी माझा नवरा मेला असता! फडक्याला हात कुणी लावायला सांगितला होता तुला?’ मावशी दोर हातात धरून उभी होती. दोन्ही तळहात सोलवटलेले.

हे उठून बसले. पाणी थुंकले. मग माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, ‘पण गेज? तू गेज लावून बघितलं नव्हतंस?’

भाऊजीही माझ्याकडं बघायला लागले.

पिशवी माझ्या पायाशी होती. मी काही बोलणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, ‘दादा, त्ये पितळी घड्याळ आज घरी ऱ्हायलं म्हनं बाईचं. म्हून तिनं मला इचारलं हुतं. म्याच म्हनले, समद्या भरल्याती. माजी चूक हाय.’

सगळं खोटं. मी तिला काही विचारलं नव्हतं, तिनं काही सांगितलं नव्हतं. ‘नाही हो, गेज पिशवीतच आहे, मी रागानं बघितलं नाही,’ एवढंच वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. मान खाली घातली, आणि ह्यांना वाटलं मी रडतेय.

ह्यांनी मावशीला एका शब्दानं दुखावलं नाही. उलट हात जोडले. ‘मावशी, तुमच्या फडक्यानं बुडवलं आणि तुमच्याच हातानं वाचवलं. फिटंफाट!’ मावशी हसली नाही. परत येताना गाडीत मी पिशवी पोटाशी घट्ट धरून बसले होते. हे म्हणाले, ‘दे, मी धरतो.’ मी दिली नाही. घरी आल्यावर आधी गेज टेबलाच्या खणात टाकलं, मग दिवा लावला.

दोन टाक्या बांधून हे पुन्हा कधी उतरले नाहीत. मला सांगावंच लागलं नाही. कासव त्यांनी बघितलं नाही; सहाव्या पायरीपर्यंत गेले होते म्हणाले. सामान हळूहळू विकलं गेलं. पण गोष्ट राहिली. पाहुणे आले, जावई आले, कारखान्यातले लोक आले, की हे रंगात येऊन ती सांगायचे. फडक्याची गोष्ट! पोटुशी बाईपुढं रिती घागर नको म्हणून बिचाऱ्या मावशीनं फडकं काय बांधलं, ‘भरली आहे’ असं काय सांगून टाकलं! लोक हसून हसून बेजार व्हायचे. कुणीतरी म्हणायचं, ‘ह्या वाडीच्या लोकांचं असंच.’ मी आत चहा टाकायला जायची.

मुलगा एप्रिलच्या शेवटी झाला. सव्वा महिना झाल्यावर, पाऊस लागायच्या आधी, मी एकटीच त्याला घेऊन टाकव्याला गेले. ह्यांना म्हटलं, मावशीला पोर दाखवून येते. पिशवीत पेढे होते आणि एक नवं लुगडं. पण मी गेले होते ते दुसऱ्याच कामाला. चढावर मी ते वाक्य शंभरदा घोळवलं. वाडीवर भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, शेताच्या कडा काळ्या दिसत होत्या. मावशी दारात बियाण्याचं भात पाखडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, पोराला घेतलं, कानशिलांवर बोटं मोडली. मी चौकटीला धरून उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं, ‘मावशी, गेज घरी राहिलं नव्हतं. माझ्या पिशवीत होतं. मी बघितलं नाही.’

ती पोराकडंच बघत होती.

‘ठावं हाय की,’ ती म्हणाली. ‘त्या दिशी निगताना तुजी पिशवी म्याच उचलून दिली न्हवं का? वाजत हुतं आत.’

‘मग तसं का सांगितलंस गं? मी तुला इतकं बोलले. तू का नाही सांगितलंस, हिनं बघितलं नाही म्हणून?’

मावशीनं माझ्याकडं बघितलं, कशी येडी आहे ही, अशा नजरेनं. ‘तुज्या प्वाटात ह्ये हुतं. त्यात रात्रंदीस तुला त्याच घरात ऱ्हायचं हुतं, त्या मानसासंगं. त्यानं तुला कायम म्हनलं असतं, तू मला मारत हुतीस. मला काय? मी त्याला आठवड्यातनं एकदा दिसती. मला अडानी म्हनून समदे सोडून देत्यात.’

ती पुन्हा पोराशी बोलायला लागली. मी खाली बसले आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडले, पोर रडायला लागलं तरी थांबले नाही.

घरी आल्यावर हे विचारत होते, ‘काय म्हणाली मावशी?’ मी म्हणाले, ‘पोर गोजिरवाणं आहे म्हणाली.’ पुढं पस्तीस वर्षं हे पाहुण्यांना ती गोष्ट सांगत राहिले, आणि मी त्यांना कधीच थांबवलं नाही.